टू-इन-वन घ्यावा का? नाशिकच्या काउंटरवर नेहमी येणारे प्रश्न

जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर आमच्या काउंटरवर एक प्रश्न ठरलेला असतो : "टॅबही होतो आणि लॅपटॉपही, असा एकच घेतला तर?" विक्री आणि दुरुस्ती दोन्ही करत असल्यामुळे या वस्तूची आम्हाला दोन्ही तोंडं दिसतात, खोक्यातून निघतानाचं आणि दोन-तीन वर्षांनी टेबलावर उघडून पडलेलं. त्यातूनच ही उत्तरं.

टू-इन-वन म्हणजे नेमकं काय? दुकानात सगळे सारखेच दिसतात.

दोन जाती आहेत. एकात पडदा कीबोर्डापासून निघतो. प्रोसेसर, बॅटरी, मेमरी सगळं पडद्याच्या मागे असतं आणि कीबोर्ड म्हणजे नुसतं झाकण. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो हा त्यातला प्रसिद्ध नमुना. दुसऱ्यात काहीच निघत नाही, बिजागरी पूर्ण मागे फिरते. लेनोवोच्या योगाने २०१२ मध्ये हा प्रकार लोकांपुढे आणला आणि आता जवळजवळ सगळ्याच कंपन्या तो बनवतात. दुकानदार त्याला 'तीनशेसाठवाला' म्हणतात. आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅबला कीबोर्डचं कव्हर लावलं की तिसरी जात होते, पण तिचं पुढे बघू.

विचारताना निघणारा की फिरणारा, हे आधी सांगा. दोघांचे गुण वेगळे आणि दुखणीही वेगळी.

घरगुती ग्राहकांत हा प्रकार चालेल का? सरळ सांगा.

फिरणारा चाललाच आहे. फक्त लोक तो लॅपटॉप म्हणून घेतात, लॅपटॉप म्हणून वापरतात, आणि वर्षातून कधी तरी पाहुण्यांना फोटो दाखवायला उलटा करतात. निघणारा मात्र घरोघरी जाईल असं मला वाटत नाही. घरातला सोफा-कम-बेड आठवा. घेताना बेड उघडून दाखवतात, म्हणून तर आपण घेतो. नंतर पाहुणे आले की खाली गाद्या पडतात आणि सोफा सोफाच राहतो.

काही माणसांना मात्र निघणाराच लागतो आणि त्यांना दुसरं काही देऊ नये. ती कोण, ते खाली येतंच आहे.

मग कंपन्या इतकी वर्षं याच्या मागे का लागल्या आहेत?

हे वेड आयपॅडपेक्षाही जुनं आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये बिल गेट्स यांनी टॅब्लेट पीसी लोकांपुढे ठेवला आणि पाच वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा पीसी हाच असेल, असं भाकीत केलं. २००२ मध्ये विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती आली. त्याच वर्षी कॉम्पॅकने टीसी१००० काढला. त्याचा कीबोर्ड निघायचा, म्हणजे आजच्या कल्पनेचा सांगाडा तेव्हाच तयार होता. पण यंत्रं जड, महाग आणि मंद होती, आणि विंडोजची बटणं माउसच्या टोकासाठी बनवलेली, बोटासाठी नव्हे. भाकीत फसलं.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि लोकांना टॅब आवडतो हे सिद्ध झालं. लगेच २०११ मध्ये असूसने ट्रान्सफॉर्मर नावाचा अँड्रॉइड टॅब कीबोर्डच्या डॉकसह काढला. एप्रिल २०१२ मध्ये अ‍ॅपलच्या टिम कुक यांनी या जोडणीची टिंगल केली. टोस्टर आणि फ्रिजही एकत्र करता येतील, पण ते कोणाला आवडणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. आणि २०१५ मध्ये अ‍ॅपलनेच आयपॅड प्रो आणला, सोबत स्वतःचा कीबोर्ड आणि पेन्सिल. धंद्यात असं चालतं, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

पहिला सरफेस आपटला होता, असं ऐकलं. वस्तूच वाईट होती का?

बांधणी उत्तम होती. आपटला तो वेगळ्याच कारणाने, आणि ते समजून घ्या, कारण तोच घोटाळा आजही काउंटरवर होतो.

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आणि सरफेस आरटी एकाच दिवशी बाजारात आले. सरफेसवर 'विंडोज आरटी' होतं. दिसायला हुबेहूब विंडोज ८, डेस्कटॉपसुद्धा होता, पण आत मोबाइलच्या जातीचा एआरएम प्रोसेसर. त्यामुळे आपले जुने प्रोग्रॅम त्यावर टाकताच येत नव्हते. फक्त विंडोज स्टोअरमधली अ‍ॅप्स, आणि सोबत दिलेलं ऑफिस. स्टोअर तेव्हा जवळपास रिकामं. किंमत ४९९ डॉलर, म्हणजे आयपॅडइतकीच, पण त्यात कीबोर्ड नाही. जाहिरातीत मात्र कीबोर्ड टकटक लावायचा तोच आवाज मुख्य! जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटीपोटी सुमारे ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला.

त्यात विंडोज ८ ने स्टार्ट बटणच काढून टाकलं होतं. टच नसलेल्या साध्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्यालाही टॅबसारखा पडदा दिसायचा. लोक मशीन परत आणून विचारायचे, "बंद कुठून करायचं?" २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आलं, २०१५ च्या विंडोज १० मध्ये पूर्ण मेन्यू आला. २०१४ चा सरफेस प्रो ३ आला तेव्हा कुठे वस्तू जमली : बारा इंची पडदा, हव्या त्या कोनात थांबणारा मागचा पाय, आणि आत खरंखुरं विंडोज. पण किंमत चांगल्या लॅपटॉपची, तिथे 'सर्वसामान्य ग्राहक' हा शब्दच गळून पडतो.

घरात एकच घेतला तर लॅपटॉपचं आणि टॅबचं, दोन्हींचं काम भागेल ना? पैसे वाचतील.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझं मत याच प्रश्नावर बनलं आहे.

हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण घरात वस्तू किती, यापेक्षा एका वेळी ती किती जणांना लागते हे आधी बघा. सिडकोतलं किंवा इंदिरानगरातलं टू-बीएचके घ्या. संध्याकाळी मुलाला क्लासचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर बघायचं असतं, वडील दुकानातून येऊन बिलं चढवतात, त्यात महिन्याची २० तारीख असली तर जीएसटीची थ्री-बी (दर महिन्याचं विवरणपत्र) भरायची राहिलेली असते. आईला फोनच्या छोट्या पडद्याचा कंटाळा आलेला असतो. मुलाने पडदा काढून आतल्या खोलीत नेला की वडिलांच्या हातात उरतो नुसता कीबोर्ड.

निघणारं यंत्र कल्पिलं गेलं ते एका माणसाच्या बॅगेसाठी. सकाळी मीटिंग, दुपारी विमान, रात्री अंथरुणात सिनेमा, सगळीकडे तोच माणूस. आपल्याकडे वस्तू घराची असते. तिच्यावर तिघांचा हक्क असेल तर एकाच वस्तूला दोन रूपं देऊन रांग कमी होत नाही. अशा घराला मी साधा लॅपटॉप आणि बेताच्या किमतीचा अँड्रॉइड टॅब सांगतो. दोन्ही मिळून किंमत बहुतेक वेळा एका चांगल्या निघणाऱ्या टू-इन-वनच्या आतच राहते, आणि एक बिघडला तरी दुसरा चालू असतो.

एकट्याने राहणारा, भाड्याच्या खोलीत अभ्यास करणारा विद्यार्थी असेल तर हा सगळा युक्तिवाद रद्द. तिथे एकच वस्तू खरोखर परवडते.

मांडीवर घेऊन काम होतं का?

फिरणाऱ्यावर होतं, तो लॅपटॉपच आहे. निघणाऱ्यावर त्रास होतो. वजन सगळं पडद्यात, आणि तो उभा राहतो मागच्या पायावर. तो पाय टेकायला गुडघ्यापर्यंत जागा लागते, आणि मांडी घालून बसलं की पाय घसरतो. दिवाणावर, गादीवर, गच्चीत सतरंजीवर बसून काम करणारे आपण. ही यंत्रं मात्र टेबलाच्या हिशेबाने बनलेली. घेण्याआधी दुकानात खुर्चीवर बसून मांडीवर ठेवून बघा. दुकानदाराने नाही म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जा.

टच असला की माउस लागत नाही ना?

लागतो. उभ्या पडद्याला हात लांब करून सतत बोट लावलं की खांदा भरून येतो. स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० मध्ये हेच कारण देऊन लॅपटॉपला टच पडदा नको म्हटलं होतं, आणि मॅकबुकला तो अजूनही नाही. पान सरकवायला, फोटो मोठा करायला टच छान. एक्सेलमधली ओळ निवडायला नाही.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. पेनने नोट्स काढता येतील असा हवा.

इथे टू-इन-वनला खरी किंमत आहे. गणिताची पायरी, बेन्झिनचं कडं, किरणाकृती, हे कीबोर्डवर होत नाही. पेनने होतं, आणि पीडीएफवरच लिहिता येतं. मेडिकलची मुलं तर आकृत्यांवर रंग भरून नोट्स बनवतात.

पण तीन गोष्टी विचारून घ्या. पेन सोबत आहे की वेगळं घ्यायचं? लिहिताना तळहात टेकला तर रेघोट्या उठतात का? आणि पेन कुठल्या पद्धतीचं? सरफेसचं, सॅमसंगचं, अ‍ॅपलचं, क्रोमबुकचं, प्रत्येकाची पद्धत निराळी, एकाचं पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही. दोन-तीनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन म्हणजे बोटाचाच भाऊ, त्याने नोट्स निघत नाहीत.

फिरणारा चौदा इंची घेतलात तर तो साधारण दीड किलोचा असतो. टेबलावर आडवा ठेवून लिहायला हरकत नाही, पण हातात धरून कोणी वाचत नाही. निव्वळ नोट्स आणि लेक्चर एवढंच काम असेल तर पेनवाला टॅब पुरतो. पुढे इंजिनिअरिंगला गेली तर लॅपटॉप तेव्हा घ्या. तोवर मशीनही बदललेली असतील आणि तिचं मतही.

टॅली चालेल का?

विंडोज असेल तर चालेल. अँड्रॉइडवर किंवा आयपॅडवर टॅलीप्राइम तसंच्या तसं बसत नाही. पण 'चालेल' आणि 'काम होईल' यात फरक आहे. टॅलीवाल्याचा हात एफ-कीवर असतो : एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस. पातळ कीबोर्डवर याच कळांना आवाज आणि उजेड कमी-जास्त करायचं काम दिलेलं असतं, मग दर वेळी एफएन दाबा. उजवीकडे आकड्यांचा पॅड नाही. रविवार कारंजावरच्या होलसेल दुकानात दिवसभर बिलं फाडणाऱ्याला असा कीबोर्ड द्यायचा म्हणजे त्याच्या शिव्या विकत घ्यायच्या. त्याला पंधरा इंची साधा लॅपटॉप किंवा डेस्कटॉपच द्या.

आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. बागेत, पॅकहाउसवर नेता येईल असा सुचवा.

बागेत नेऊ नका. उन्हात या पडद्यांवर आपलंच तोंड दिसतं. चांगल्या फोनचा पडदा त्याहून कितीतरी उजळ असतो. फवारणीनंतर ओल्या हाताने टच नीट घेत नाही, हातमोजे घातले तर अजिबात नाही. फोटो काढायचे, औषधाची नोंद करायची, व्यापाऱ्याला माल दाखवायचा, सगळ्याला फोन पुरतो आणि पडला तर जीव तेवढा वर येत नाही.

पॅकहाउसवर वेगळं. निर्यातीच्या मालाची अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) ग्रेपनेट या संकेतस्थळावर नोंद लागते. प्लॉट, रेसिड्यूचा (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा) अहवाल, पॅकिंगची माहिती भरायची असते. हे टायपिंगचं काम, एका जागी बसून. तिथे लॅपटॉप हवा. आणि जानेवारी ते एप्रिल हंगामात तो कोणाच्या ताब्यात असेल हे आधी ठरवा, कारण बॉक्सवर ठेवलेला टॅब कधी कोणाच्या हाताखाली येईल सांगता येत नाही.

मग निघणारा घ्यायचा तरी कोणी?

जो उभ्याने काम करतो आणि नंतर त्याच कागदावर बसून काम करतो, त्याने. गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याकडे बांधकामावर फिरणारा साइट इंजिनिअर घ्या. स्लॅबवर उभं राहून ड्रॉइंग उघडायचं, पेनने खूण करायची, कॉन्ट्रॅक्टरला दाखवायचं, संध्याकाळी ऑफिसात तीच फाइल कीबोर्ड लावून पुरी करायची. साध्या लॅपटॉपला त्याच्या हातात जागा नाही, फोनवर ड्रॉइंग मावत नाही. इंटीरियरवाले, घरी जाऊन माप घेणारे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनपुढे उभं राहून चेकलिस्ट भरणारे, हे त्याच जातीतले.

शिकवणी घेणारे शिक्षक दुसरे. पडदा आडवा ठेवून फळ्यासारखं लिहितात, मुलांना प्रोजेक्टरवर दिसतं. लॉकडाउनमध्ये अनेकांनी हे पहिल्यांदा केलं आणि नंतर सोडलं नाही. या माणसांना घासाघीस करून स्वस्तातलं देऊ नये, चांगलंच द्यावं.

वीस-बावीस हजारांत मिळतो का?

मिळेल, पण घेऊ नका. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सने कॅनव्हास लॅपटॅब १४,९९९ रुपयांना आणला. दहा इंची, कीबोर्डसह, खरं विंडोज. त्या किमतीला तेव्हा ते नवलच होतं. आत २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण. त्या वर्गातल्या सगळ्याच मशीनचं पुढे एकच झालं : विंडोजने निम्मी जागा खाल्ली, अपडेट आलं की जागा नाही, अपडेट नाही म्हणून मशीन अडखळतं.

विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण मागतं. तेवढंच असलेलं मशीन म्हणजे जेमतेम पास झालेला विद्यार्थी. विंडोज हवं असेल तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी (वेगवान साठवण), याच्या खाली उतरू नका. पैसे नसतील तर टच सोडा, रॅम सोडू नका. माहितीच्या पट्टीवर 'ईएमएमसी' लिहिलं असेल तर ती मंद, स्वस्तातली साठवण, एसएसडी नव्हे.

स्नॅपड्रॅगन या एआरएम प्रोसेसरचे विंडोज टू-इन-वन आले आहेत, बॅटरी खूप चालते म्हणतात. आरटीसारखंच होईल का?

नाही, तसं होणार नाही. २०२४ पासूनच्या या मशीनवर जुने प्रोग्रॅम रूपांतर होऊन चालतात, आणि रोजच्या वापरात फरक फारसा कळत नाही. बॅटरी खरंच चांगली आहे. अडतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपाशी. प्रोग्रॅमचं रूपांतर होतं, ड्रायव्हरचं होत नाही. तो एआरएमसाठी वेगळा बनवावा लागतो. म्हणून सीए असाल किंवा टेंडर भरत असाल तर डिजिटल सहीची यूएसबी डोंगल, जुना प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन, हे सगळं घेऊन दुकानात या आणि लावून बघा. डोंगल ओळखली नाही तर उरलेलं कौतुक काय कामाचं?

आयपॅडला कीबोर्ड लावला की झालंच ना?

२०२० मध्ये आयपॅडला ट्रॅकपॅड आणि माउस नीट चालू लागले, २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये खिडक्या हव्या तशा लहान-मोठ्या करता येऊ लागल्या. लिहिणं, चित्र, व्हिडिओ, ईमेल यांसाठी उत्तम. टॅब म्हणून त्याच्याजवळ जाणारं विंडोज मशीन मी पाहिलेलं नाही. पण सरकारी संकेतस्थळं, टॅली, क्लासने दिलेला विंडोजचा प्रोग्रॅम, इथे अडलात की कीबोर्ड काही करू शकत नाही. सॅमसंगच्या वरच्या टॅबमध्ये डेक्स म्हणून डेस्कटॉपसारखी सोय असते, तिलाही हेच लागू.

मराठी टायपिंग?

विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा ठरलेला कीबोर्ड) आहेच, २०१९ पासून मराठी फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांनी मराठी) आहे. अँड्रॉइडवर गुगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये बोटाने किंवा पेनने मराठी लिहिलं तरी अक्षरं उमटतात, ज्येष्ठांना हे फार आवडतं. टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेचा सराव मात्र पूर्ण आकाराच्या कीबोर्डवरच करा.

बिघडला तर नाशिकात दुरुस्त होतो का?

फिरणाऱ्याचं बरंचसं होतं. त्याचं ठरलेलं दुखणं बिजागरीचं : एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असली की प्लास्टिकमधले स्क्रू उपटतात. दोन्ही हातांनी उघडा, एवढंच.

निघणाऱ्याचं अवघड. तो उघडायचा तर पडद्याच्या कडेचा गोंद तापवून काच उचलावी लागते, आणि उचलताना काच जाऊ शकते. यंत्रं उघडून ती किती दुरुस्त होतात ते तपासणाऱ्या आयफिक्सिटने पहिल्या सरफेस प्रोला दुरुस्तीसाठी दहापैकी एक गुण दिला होता. २०२१ च्या प्रो ७ प्लसपासून एसएसडी तेवढी मागच्या छोट्या झाकणातून निघते, ही सुधारणा. रॅम मात्र बोर्डावरच चिकटवलेली, पुढे वाढत नाही. काच, टच आणि डिस्प्ले एकच 'फोल्डर' असतो, तडा कोपऱ्यात गेला तरी अख्खा बदलायचा. भाग इथे मिळाला नाही तर मुंबईहून मागवावा लागतो.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आणखी एक. या यंत्रात बॅटरी आणि प्रोसेसर दोन्ही पडद्याच्या मागेच, म्हणजे उष्णता एका जागी. रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेवला की बॅटरी फुगते आणि पडदाच वर उचलते. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असेल तर चालू करा, आणि दुपारी गाडीत ठेवून जाऊ नका. पडदा एका बाजूने उचललेला दिसला तर दाबून बसवू नका, बंद करून घेऊन या.

सेकंड हँड सरफेस स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

मॉडेल विचारा. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. म्हणजे २०१७ चा सरफेस प्रो अधिकृतपणे बसत नाही, २०१८ चा प्रो ६ बसतो. कीबोर्ड आणि चार्जर सोबत आहेत का ते बघा, नसतील तर 'स्वस्तात' हा शब्द मागे घ्या. पडदा टेबलावर आडवा ठेवून कडेने नजर टाका, मध्ये फुगवटा दिसला तर सोडून द्या. बिल मागा. आणि विकणाऱ्याने आपलं खातं त्यातून काढलं आहे ना, ते त्याच्यासमोरच तपासा. तो घरी गेल्यावर फोन उचलेलच असं नाही.